द्राक्षबागेचं एक वर्ष: खरड छाटणीपासून काढणीपर्यंत

कादवाकाठी (१६ एप्रिल २०२३)

फेब्रुवारीत बाजारात द्राक्षं आली की इथे दोन-तीन धागे निघतात: कोणती घ्यावीत, कशी धुवावीत, यंदा आंबट का लागताहेत. मार्चअखेर द्राक्षं संपतात आणि धागेही थांबतात. बागेचं वर्ष खरं तर तेव्हाच सुरू होतं, आणि त्यावर कोणी सविस्तर लिहिलेलं मला इथे सापडलं नाही. म्हणून हा धागा काढते आहे. पुढच्या मार्चपर्यंत जमेल तसं लिहीत जाईन.

आमची बाग निफाड तालुक्यात, कादवा नदीच्या काठाला. साडेतीन एकर. दोन एकर थॉमसन, दीड एकर सोनाका, हे दोन्ही द्राक्षाचे वाण. घरात आबा (माझे सासरे), सासूबाई, हे, धाकटे दीर आणि मी. आबांची पहिली बाग मांडवावरची होती आणि वेली स्वतःच्या मुळांवर. आताची बाग डॉगरिज खुंटावर कलम केलेली, वाय पद्धतीच्या तारांवर चढवलेली. नऊ बाय पाचवर लागवड, म्हणजे एकरी साडेनऊशेच्या वर वेली.

सध्या खरड छाटणी चालू आहे. गेल्या हंगामात ज्या काड्यांनी माल दिला त्या ओलांड्याजवळ (ओलांडा म्हणजे तारेवर पसरलेला खोडाचा आडवा हात) एकेक डोळा ठेवून कापून टाकायच्या. छाटणी झालेल्या ओळीत खोड, दोन्ही बाजूंना पसरलेले ओलांडे आणि तारा एवढंच उरतं. रस्त्याने जाणाऱ्याला वाटावं बाग वाळून गेली. कापलेल्या काड्या आम्ही जाळत नाही, कुट्टी करून बोदावर, म्हणजे वेलींच्या ओळीतल्या मातीच्या उंचवट्यावर, पसरतो. बोद फोडून शेणखत आधीच भरलंय. ऊन इतकं आहे की डोळे एकसारखे फुटावेत म्हणून ओलांड्यांवर दिवसातून दोन-तीनदा पाणी फवारावं लागतं.

थंड देशांत द्राक्षवेल हिवाळ्यात पानं गाळून विश्रांती घेते. आपल्या हवेत तिला तशी विश्रांती मिळत नाही, ती वाढतच राहते. म्हणून आपल्याकडे वर्षातून दोनदा छाटतात आणि पीक एकदाच घेतात. एप्रिलची छाटणी काडी तयार करायला, ऑक्टोबरची छाटणी फळासाठी.

आणि जे मला मनापासून सांगायचंय ते असं, की फेब्रुवारीत तुमच्या हातात येणारा घड आत्ता, एप्रिल-मेच्या उन्हात ठरतो. नव्या फुटीच्या प्रत्येक पानाच्या बगलेत एक डोळा असतो. छाटणीनंतर साधारण चाळीस ते साठ दिवसांत त्या डोळ्याच्या आत घडाची घडण होते. बाहेरून काही म्हणता काही दिसत नाही. ऊन चांगलं मिळालं, पाणी बेताचं दिलं, फुटींची गर्दी होऊ दिली नाही, तर आत घड बनतो. आभाळ भरून राहिलं, पाऊस झाला, नत्र जास्त झालं, तर त्याच जागी नुसती बाळी तयार होते. बाळी म्हणजे तारेला वेटोळे घालणारा तो तंतू. घड आणि बाळी यांचं मूळ एकच. कोण काय होणार हे मे महिना ठरवतो. म्हणून लोकांना वळवाचा पाऊस हवा असतो तेव्हा आमच्या घरात सगळे आभाळाकडे बघत असतात की अजून पंधरा दिवस कोरडे जाऊ देत.

पुढच्या शनिवारी आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया. छाटणीची टोळी पेठ तालुक्यातली आहे, ती त्याआधी गावी जाईल. तोवर उरलेलं एक एकर उरकायचं आहे.

दादरकर (१६ एप्रिल)

वाचतोय. पहिला प्रश्न विचारून घेतो, कारण आमच्या घरी यावर दरवर्षी वाद होतो. द्राक्षांवर पांढरट भुकटीसारखा थर असतो, तो औषधाचा असतो ना?

कादवाकाठी (१७ एप्रिल)

नाही दादा. ती मण्याची स्वतःची लव आहे, नैसर्गिक मेणाचा थर. आतलं पाणी उडून जाऊ नये म्हणून फळच तो तयार करतं. उलट ती लव शाबूत असेल तर माल कमी हाताळलेला आणि ताजा समजायचा. आम्ही काढताना घड देठाला धरतो, मण्यांना बोट लावत नाही, ते यासाठीच. निळसर किंवा पांढरे ठिपके, ओघळ दिसले तर ते फवारणीचे असू शकतात. धुवायचं मात्र दोन्ही बाबतींत, आणि खायच्या वेळी. धुऊन ठेवलेली द्राक्षं लवकर खराब होतात.

नान्नज_शिव (१७ एप्रिल)

सोनाकाचं नाव निघालं म्हणून सोलापूरकराची हजेरी. सोनाका आमच्या उत्तर सोलापुरातल्या नान्नजचा, नानासाहेब काळे यांनी थॉमसनच्या बागेत वेगळी वेल हेरून वाढवलेला. काळ्या द्राक्षांतला शरद सीडलेसही त्यांचाच. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत नाही, आपल्याच बागेत रोज फिरणाऱ्या शेतकऱ्याच्या नजरेतून हे वाण आले, याचा मला फार अभिमान आहे.

बेदाणा_तासगाव (१८ एप्रिल)

तास-ए-गणेश विसरू नका! तो आमच्या तासगाव तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वेंनी निवडलेला. ताई, आमच्याकडं बेदाण्याची शेडं अजून भरलेली आहेत, एप्रिल संपेपर्यंत उसंत नाही. सवडीनं लिहितो.

पुणेरी_वाचक (१८ एप्रिल)

पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत).

कादवाकाठी (११ जून)

उशीर झाला, पण हेच दिवस हातघाईचे. छाटणीनंतर दहा-बारा दिवसांत डोळे फुटले. एका वेलीवर साठ-सत्तर फुटी येतात. त्यातल्या निम्म्या ठेवून बाकी फेलफूट, म्हणजे नको असलेली फूट, काढावी लागते, नाहीतर आत ऊनच पोहोचत नाही. मग उरलेल्या फुटी सात-आठ पानांवर आल्या की शेंडा मारायचा. शेंडा मारल्यावर खालच्या डोळ्यातून जी नवी फूट निघते ती सबकेन. त्या गाठीच्या आसपासचे डोळे सगळ्यात भरवशाचे, घड तिथेच सापडतो.

हे काम सासूबाई फार सुंदर करतात. फुटीवर नुसता हात फिरवून त्या सांगतात की ही जोमदार आहे, हिचा शेंडा आज नाही मारला तर नुसती धावत सुटेल. मी त्यांच्यामागे ओळीत चालून शिकले. पुस्तकात सात पानं लिहिलेली असतात. सासूबाई पानांबरोबर पेराची लांबी आणि फुटीची जाडीही बघतात.

मे महिना आमच्याकडे बऱ्यापैकी कोरडा गेला. डोळ्यात काय आहे ते सप्टेंबरात कळेल.

कृषी_पदवीधर (१२ जून)

चांगली माहिती. थोडी भर घालतो. या काळात वाढ रोखण्यासाठी सीसीसी नावाचं संजीवक वापरायची पद्धत होती. २०१० साली युरोपात आपल्या द्राक्षांत त्याचा उर्वरित अंश सापडला, कंटेनर अडकले आणि निर्यातदार-बागायतदारांचं कंबरडं मोडलं. त्यानंतर तपासणीच्या यादीत त्याचा समावेश झाला. गंमत अशी नव्हे तर शोकांतिका अशी, की फवारणी एप्रिल-मेची होती आणि अंश सापडला पुढच्या हंगामातल्या फळात. वेल किती काळ गोष्टी साठवून ठेवते याचा तो धडा होता.

कादवाकाठी (१२ जून)

अगदी बरोबर. त्या साली आमच्या शिवारातला बराच माल निर्यातीऐवजी मिळेल त्या भावाने इथेच विकला गेला. आता निर्यातीच्या बागेची नोंदणी करावी लागते, काढणीआधी नमुना प्रयोगशाळेत जातो, आणि अहवाल आल्याशिवाय कात्री लावता येत नाही. कोणतं औषध काढणीच्या किती दिवस आधी बंद करायचं याची यादी ह्यांनी औषधांच्या खोलीच्या दारावर चिकटवली आहे.

कादवाकाठी (३ सप्टेंबर)

ऑगस्ट कोरडा गेला. देशात १९०१पासून इतका कोरडा ऑगस्ट झाला नव्हता असं हवामान खात्याने सांगितलंय. पावसाळ्यात बागेवर करपा, तांबेरा, केवडा या रोगांची टांगती तलवार असते. यंदा बोर्डोच्या (मोरचूद-चुन्याच्या मिश्रणाच्या) फवारण्या कमी लागल्या, काड्याही छान पिकल्या, तपकिरी झाल्या. पण विहिरीने तळ गाठलाय. दोन दिवसाआड ठिबक चालवतोय. एका हाताने मिळालं, दुसऱ्याने गेलं.

अगाप_बागलाण (४ सप्टेंबर)

आम्ही सटाण्याकडचे. कसमादे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) पट्ट्यात फळछाटणी जून-जुलैपासूनच. आमच्या बागेत आत्ता मणी हरभऱ्याएवढा झालाय. नोव्हेंबर-डिसेंबरात बाजारात दुसरी द्राक्षं नसतात तेव्हा आमची जातात, भाव चांगला मिळतो. पण भर पावसात फुलोरा सांभाळायचा म्हणजे रात्री दोनला पाऊस उघडला की दोनला फवारणी. हा जुगार आहे, पण आमच्या वडिलांपासून आम्ही खेळत आलोय.

कादवाकाठी (१७ ऑक्टोबर)

घटस्थापनेला फळछाटणी सुरू केली. त्याआधी दोन कामं झाली. पहिलं डोळे तपासणीचं. बागेतल्या वेगवेगळ्या ओळींतल्या काड्या प्रयोगशाळेत देतात. तिथे डोळा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात आणि कितव्या डोळ्यात घड आहे ते लिहून देतात. आमच्या थॉमसनला सबकेनच्या गाठीपुढचे एक-दोन डोळे चांगले निघाले. मेने साथ दिली! अहवाल वाचून आबांनी सगळ्यांना पेढा दिला. घरात लग्न ठरल्यासारखा आनंद होता.

दुसरं काम पानगळीचं. छाटणीच्या पंधरवडा आधी पाणी तोडून, फवारणी करून पानं उतरवतात, म्हणजे अन्नसाठा काडीत राहतो.

छाटणी झाली की मागोमाग पेस्टिंग. हायड्रोजन सायनामाईडचं द्रावण प्रत्येक काडीच्या शेवटच्या दोन डोळ्यांना लावायचं, म्हणजे सगळे डोळे एका वेळी फुटतात. हे रसायन विषारी आहे. हातमोजे, पूर्ण बाह्या, तोंडाला कापड, आणि त्या दिवशी कोणी दारू प्यायची नाही. हा नियम कडक पाळायला हवा, कारण दारूबरोबर त्याचा त्रास जिवावर बेततो. पेस्टिंग करणाऱ्या माणसांना ही गोष्ट सांगायची राहून जाते, म्हणून मुद्दाम लिहिते आहे.

राईनकाठ (१८ ऑक्टोबर)

जर्मनीतून नमस्कार. मी नोकरीनिमित्त फाल्त्स भागात राहते, घराच्या मागे टेकडीभर द्राक्षमळे. तुमची छाटणी चालू आहे तेव्हा आमच्याकडे काढणी संपत आलीये. इथे छाटणी एकदाच, जानेवारी-फेब्रुवारीच्या थंडीत, वेल उघडीबोडकी असताना. फुलोरा जूनमध्ये, काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरात. ही सगळी वाईनची द्राक्षं. मणी लहान, बिया आहेत, साल जाड, पण गोडी विलक्षण.

आमच्या शेजारचं कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या हेच करतं. गेल्या शनिवारी मी त्यांच्याकडे काढणीला गेले होते. या दिवसांत इथे फेडरवायसर मिळते, म्हणजे अजून आंबत असलेला नवा रस. बाटलीचं झाकण घट्ट लावत नाहीत, नाहीतर वायूने बाटली फुटेल. सोबत कांद्याचा खारा केक. तो खाताना मला लासलगावच्या कांद्याची आणि तुमच्या धाग्याची आठवण झाली.

कादवाकाठी (१८ ऑक्टोबर)

किती छान लिहिलंय! वाईनची द्राक्षं आमच्याकडेही दिंडोरी, विंचूर भागात आहेत. त्यांचं तंत्र अगदी वेगळं. तिथे मणी मोठा करायचा नसतो, म्हणून घडातले मणी कमी करायची विरळणी नाही, घड संजीवकात बुडवायचं डिपिंग नाही. कराराने माल जातो. माझ्या माहेरी एक एकर आहे. पैसा कमी पण रात्रीची झोप लागते असं माझा भाऊ म्हणतो.

कादवाकाठी (२७ नोव्हेंबर)

काल संध्याकाळी गारपीट झाली.

त्रिपुरारी पौर्णिमा होती. सासूबाई देवळात वाती लावायला निघाल्या होत्या. दिवसभर उकाडा होता, ते बरं लक्षण नव्हतं. अंधार पडता पडता वारा सुटला आणि आधी पाऊस, मग गारा. बोराएवढ्या. पत्र्यावर इतका आवाज होता की शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येईना. आम्ही पडवीत उभे होतो. कोणी काही बोललं नाही, करण्यासारखं काही नव्हतंच.

आज सकाळी बाग पाहिली. छाटणीला बेचाळीस दिवस झालेत, म्हणजे थॉमसन फुलोऱ्यातून सेटिंगमध्ये (मणी धरण्यात) चाललेला. रस्त्याकडच्या सव्वा एकरात पानांच्या चिंध्या झाल्यात, कोवळे शेंडे मोडलेत, घड तुटून बोदावर पडलेत. नदीकडचा भाग बराच वाचला. गारांचा पट्टा असा अरुंद असतो. एकाचं सगळं जातं, दुसऱ्याच्या पानाला ओरखडा नाही. पूर्वेकडच्या गावांमध्ये तर पूर्ण बागा झोपल्यात. ह्यांच्या मावसभावाच्या बागेत एक घड उरला नाही.

लोकांना वाटतं यंदाचा माल गेला, पुढच्या वर्षी येईल. तसं नसतं. गार काडीवर आणि ओलांड्यावर आपटते तिथे जखम होते, तिथून रोग शिरतो, पुढच्या वर्षीही ती काडी कमजोर राहते. आज सकाळी सहापासून जखमा भरायला ताम्रयुक्त औषधाची फवारणी चालू आहे.

दादरकर (२७ नोव्हेंबर)

वाचून सुन्न झालो. तुमच्या घरच्यांना सांगा, इथे सगळे तुमच्यासोबत आहेत.

गोदाकाठ (२७ नोव्हेंबर)

आमच्या चांदोरीला पाऊस झाला, गारा नाहीत. ताई, फळपीक विम्यात गारपिटीचं जादा संरक्षण घेतलं असेल तर ७२ तासांच्या आत कळवावं लागतं. तलाठी पंचनाम्याला येईल तेव्हा येईल, तुम्ही फोटो काढून आजच तक्रार नोंदवा. फवारणीच्या आधीचे फोटो असले तर उत्तम.

कादवाकाठी (२८ नोव्हेंबर)

कालच नोंदवली, धन्यवाद दादा. मावसभावाचीही दिरांनी बसून नोंदवली, ते काही करण्याच्या मनःस्थितीत नव्हते.

स्पष्टवक्ता (२९ नोव्हेंबर)

नुकसानीचं वाईट वाटलं. पण एक विचारतो, राग मानू नका. द्राक्ष बागायतदार म्हणजे बंगला, गाडी, मुलं इंग्रजी शाळेत. दरवर्षी अवकाळी होतो आणि दरवर्षी मदतीची मागणी होते. इतकं बेभरवशाचं असेल तर हे पीक का घेता?

गोदाकाठ (२९ नोव्हेंबर)

राग नाही, पण हिशेब ऐका. एका एकराला वर्षाचा खर्च आमच्या भागात तीन लाखांच्या घरात जातो. औषधं, खतं, मजुरी, ठिबक, ट्रॅक्टर. दहा टन माल निघाला आणि किलोला तीस रुपये मिळाले तर झाला खर्च वसूल, घरच्या माणसांची मजुरी शून्य. चाळीस मिळाले तर लाख उरतो. तो बंगला बहुतेक चांगल्या काळातला असतो किंवा कर्जाचा. व्यापारी बांधावर येतो, निम्मे पैसे रोख, निम्म्याचा चेक. मार्च संपला की काही जणांचे फोन लागत नाहीत. माझे अडीच लाख एकाने असेच बुडवले, आजतागायत मिळालेले नाहीत.

पीक का घेता म्हणाल, तर बाग बारा-पंधरा वर्षांची असते. तारा, अँगल, ठिबक, विहीर, सगळा पैसा त्यात रुतलेला. सोयाबीन परवडलं नाही म्हणून मका पेरला, तसं बागेचं होत नाही. तरी गेल्या काही वर्षांत आमच्या गावात बागा तोडून टाकलेले बरेच आहेत.

अगाप_बागलाण (२९ नोव्हेंबर)

गोदाकाठ यांना +१. आणि द्राक्षाच्या एका एकरावर वर्षभर किती हातांना काम मिळतं ते कोणी मोजत नाही. पेठ, सुरगाण्याच्या घरांत चूल त्यावर पेटते.

स्पष्टवक्ता (३० नोव्हेंबर)

चेकचं आणि बागेच्या आयुष्याचं मला खरंच माहीत नव्हतं. सविस्तर उत्तराबद्दल आभार. प्लास्टिक आच्छादनाबद्दल ऐकून आहे, त्याने प्रश्न सुटत नाही का?

कृषी_पदवीधर (३० नोव्हेंबर)

पावसापासून बचाव होतो, त्यामुळे केवडा आणि मणी तडकणं कमी होतं, फवारण्याही घटतात. मोठ्या गारेसाठी जाळी लागते. अडचण खर्चाची. सांगाड्यासह आच्छादन म्हणजे एकरी काही लाख, आणि कापड काही वर्षांनी बदलायचं. दोन-तीन एकरवाल्याला अनुदानाशिवाय ते पेलत नाही. माझ्या मते सरकारने नुकसानभरपाईवर दरवर्षी खर्च करण्यापेक्षा हाच पैसा आच्छादनाला द्यावा.

कादवाकाठी (२४ डिसेंबर)

वाचलेल्या सव्वादोन एकरात काम जोरात आहे. मधल्या काळात ८ तारखेपासून कांद्याची निर्यात बंद झाली. आमचा अर्धा एकर लाल कांदा होता, त्याचे भाव पडले. आता सगळी आशा द्राक्षावर.

विरळणीबद्दल लिहायचं कधीपासून मनात होतं. सेटिंगनंतर घड दाट असतो, मणी मण्याला दाबतो. तसाच ठेवला तर मणी फुगत नाही, आतले सडतात. म्हणून घडाच्या काही पाकळ्या कात्रीने काढून, खालचं टोक खुडून शंभर-सव्वाशे मणी ठेवायचे. प्रत्येक घडाला. एका वेलीवर तीस-पस्तीस घड, एकरात साडेनऊशे वेली, म्हणजे एकरी तीस हजार घड एकेक करून हातात घ्यायचा. आणि नुसतं कापायचं नाही, उरलेल्या मण्यांना ओरखडा न पडता कापायचं. त्यानंतर डिपिंग. संजीवकाच्या पाण्याचा मग घेऊन प्रत्येक घड त्यात बुडवायचा, हलकेच झटकायचा, जास्तीचं पाणी टोकाला राहू द्यायचं नाही. मणी सहा-सात मिलिमीटरचा असताना एकदा, आठवडाभराने पुन्हा.

हे सगळं बायका करतात. आमच्याकडच्या टोळीच्या मावशी पेठ तालुक्यातल्या, वीस-एक वर्षं याच कामाला येतात. सोळा मिलिमीटरचा मणी की अठरा, हे त्या बिनमापाचं सांगतात, नंतर रिंगने मोजलं तर तेवढाच भरतो. त्यांच्या टोळीशिवाय निर्यातीचा एक खोका भरणार नाही. तरी बातमीत, चर्चासत्रात, पुरस्काराच्या फोटोत त्या दिसत नाहीत. शेतकरी म्हणून सातबाऱ्यावरच्या माणसाचंच नाव येतं. यंदा सासूबाईंनी मजुरी ठरवताना थेट मावशींशी बोलून ठरवली, आणि मुलांसाठी बागेजवळच्या खोलीत सावलीची, पाण्याची सोय केली. हे प्रत्येक बागेत व्हायला हवं असं मला फार वाटतं.

माहेरवाशीण (२५ डिसेंबर)

डोळ्यांत पाणी आलं. माझी आई दिंडोरीत विरळणीला जायची. मान अवघडायची, रात्री शेकायला मीठ तव्यावर गरम करायचो. तिच्या कामाबद्दल इतकं मानाने लिहिलेलं मी पहिल्यांदा वाचते आहे. तिला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, "त्या ताईला सांग, डिप सकाळी लवकर नायतर चार नंतर, भर उन्हात नको."

कादवाकाठी (२५ डिसेंबर)

आईंना माझा नमस्कार सांगा. मावशीही हेच म्हणतात. आम्ही साडेदहाला थांबवतो.

कादवाकाठी (२१ जानेवारी २०२४)

संक्रांतीपासून थंडी वाढलीये, पारा दहाच्या खाली उतरतोय. आमच्या निफाडचा आकडा बऱ्याचदा राज्यात सगळ्यात कमी असतो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातलं तापमान रोज सकाळी सगळ्यांच्या मोबाईलवर फिरतं. गव्हाला ही थंडी अमृत, द्राक्षाला नाही. मण्यात पाणी उतरायच्या, म्हणजे मणी मऊ व्हायला लागायच्या सुमारास रात्र फार थंड आणि दिवस तापलेला असला की हिरव्या मण्यावर गुलाबी झाक येते. खायला काही फरक नाही, पण परदेशी ग्राहक घेत नाही. त्यावर उपाय म्हणून घडांना कागद लावतोय. पहाटे ठिबक सोडायचं म्हणजे जमिनीतली ऊब वर येते, आणि फारच उतरलं तर बांधावर शेकोट्या.

राईनकाठ (२१ जानेवारी)

इथे एप्रिलअखेर कधीकधी उशिराचं हिमतुषार येतं, नेमकी फूट निघालेली असताना. तेव्हा शेतकरी रात्रभर मळ्यात मोठाल्या मेणबत्त्या लावतात. शेकोटीचं वाचून आमच्या शेजारच्या आजोबांना सांगितलं. त्यांना भारतात द्राक्षं होतात हेच माहीत नव्हतं. आता रोज विचारतात, तुझ्या त्या बाईंची काढणी कधी?

कादवाकाठी (१८ फेब्रुवारी)

आजोबांना सांगा, सुरू झाली!

नमुन्याचा अहवाल स्वच्छ आला. गोडी मोजायच्या ब्रिक्समीटरवर थॉमसन सतरा दाखवतोय, निर्यातीला सोळा पुरते. पहाटे उजाडताच कात्री लागते, अकराच्या आत थांबते. घड क्रेटमध्ये एकेरी थरात, मग पॅकहाऊसला. तिथे खुडे, तडकलेले मणी काढून खोक्यात भरतात, काही तासांत पूर्वशीतकरण, मग शून्य अंशाच्या आसपास साठवण.

यंदा वेगळीच अडचण आली. तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होताहेत म्हणून बोटी सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालून युरोपला जाताहेत. दहा-पंधरा दिवस जास्त आणि भाडंही जास्त. म्हणून निर्यातदार टणक, ताज्या देठाचा मालच मागतोय. आमचा एक एकर त्यात बसला. बाकीचा बांगलादेशला जायचा, तर तिकडे आयात शुल्क इतकं वाढलंय की व्यापारी हात आखडतो. तो माल दिल्ली, कोलकात्याला गेला. भाव मनासारखा नाही, पण पैसे रोख घेतले आणि मग गाडी भरू दिली. हा नियम आबांनी घातला आणि त्यावर ते ठाम राहिले.

गारपिटीतल्या सव्वा एकरात मागून फुटलेल्या घडांचा थोडा माल आहे, आकाराला लहान पण गोड. त्याचं काय करावं, हा विचार चालू आहे. तासगावकर दादा, तुमची आठवण काढली.

बेदाणा_तासगाव (१९ फेब्रुवारी)

ताई, आनंदानं सांगतो. लहान मण्याचा, गोडीचा माल बेदाण्यालाच चांगला. ब्रिक्स बावीसच्या पुढं जाऊ द्या, तोवर तोडू नका. घाई केली की उतारा पडत नाही. पिकलेला माल असला तर चार किलोला एक किलो बेदाणा धरा.

द्रावण असं करा: एक लिटर पाण्याला २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिली डिपिंग ऑइल. घड त्यात दोन ते चार मिनिटं बुडवायचे. मण्यावरची लव विरते आणि आतलं पाणी लवकर निघतं. मग सावलीत, हवेशीर जाळीवर एकेरी पसरायचे. ऊन लागू दिलं की तांबूस होतो. आमच्याकडं शेडात दहा-अकरा थरांच्या जाळ्या असतात, तुमच्या दोन-चार क्विंटलला पडवी पुरेल, फक्त वारा खेळता हवा. बारा ते पंधरा दिवसांत वाळतो. मधे पाऊस आला तर बाजू ताडपत्रीनं झाका, ओल लागलेला बेदाणा काळा पडतो आणि त्याला गिऱ्हाईक नाही.

वाळल्यावर जाळी हलवून खाली पाडा, हातानं चोळून देठ काढा, वाऱ्यावर उफणा.

कादवाकाठी (१९ फेब्रुवारी)

फारच उपयोगी, दादा. पडवी उत्तर-दक्षिण आहे, वारा पश्चिमेचा. चालेल का? आणि पहिला थर जमिनीपासून किती उंच ठेवू?

बेदाणा_तासगाव (१९ फेब्रुवारी)

एकदम झकास, वारा आडवा मिळतोय. पहिली जाळी दीड फुटावर ठेवा, धूळ बसत नाही. दोन थरांत फूटभर अंतर. सोनाकाचा लांब मणी वेगळ्या जाळीवर टाका, तो दोन दिवस उशिरा वाळतो.